जहाजाच्या तीन बिल्ट्या

रुद्रा, तू तेव्हा दहा महिन्यांची होतीस आणि मी तुझ्या आज्जाशी तुझ्याच तोंडून बोलायचे. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. काही सांगायचं तर मांडीवरच्या लेकराला सांगायचं, मोठ्यानं. "रुद्रा, सांग आज्जाला, चहा झालाय." अप्पाही तुलाच उत्तर द्यायचे. "सांग आईला, साखर कमी टाक म्हणावं." तू दोघांकडं आळीपाळीनं बघायचीस आणि लाळ गाळायचीस.

पुढं आडत, मागं घर, मध्ये एक दार. पलीकडं चिंचेचा व्यापार, टेलिफोन, माणसांची ये-जा. अलीकडं आपण दोघी. बी.कॉम. होऊन लग्न करून आले त्याला तीन वर्षं झाली होती, पण त्या दारातून आडतीत माझं पाऊल कधी पडलं नव्हतं.

ते चौऱ्याण्णव साल. जो तो परदेशात माल धाडायच्या गोष्टी करायचा. आपल्याही घरातून पहिल्यांदा एक कंटेनर दुबईला निघाला. बायांनी दोन महिने बसून फोडलेली, चिंचोके काढलेली चिंच. तुझ्या बाबांनी मला शब्द दिला होता, की हा कंटेनर नीट पार पडला तर औरंगाबादला छोटं ऑफिस टाकायचं. दोन खोल्या, एक टाइपरायटर. कागद मी बघायचे, तू तिथंच रांगायचं. मी त्या दोन खोल्यांत मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले होते.

बँकेच्या एल.सी.ची, म्हणजे ठरलेले कागद दाखवले की पैसे देऊ या हमीपत्राची, झेरॉक्स बाबा मला वाचायला देऊन गेले होते. इंग्रजी त्यांना जमायचं, पण बारीक अक्षराचा त्यांना कंटाळा.

त्या सोमवारी ते माजलगावला गेले होते. दुपारी तुला पाजत दाराशी बसले होते, तेवढ्यात अप्पांचा आवाज आला. ते मुनीम अर्जुनरावांशी बोलत होते.

"मुंबईच्या एजंटानं जहाजाच्या बिल्ट्या धाडल्यात. तीन हायेत. एक बँकेला, एक आपल्या फायलीला, आन् एक दुबईच्या शेठला."

"शेठला थेट?"

"त्याचा फ्याक्स आलाय. जहाज सा दिवसांत पोचतंय, बँकेचे कागद पंधरा दिवस घेत्यात, म्हणून एक थेट धाडा म्हणतोय."

"धाडू की अप्पा. इंदूरला ट्रक धाडतो तवा असंच करतो न्हवं का. चारला कुरियरवाला येतोय. तुमी मागं सही तेवढी ठोका."

बिल्टी म्हणजे माल चढवल्याची पावती, ती दाखवूनच माल सोडवायचा.

ट्रकच्या बिल्टीचं बरोबर होतं. एक धाडणाऱ्याला, एक ड्रायव्हरला, एक पार्टीला. जहाजाचं तसं नसतं गं. त्या तिन्ही अस्सल असतात, एकाच कुलपाच्या तीन किल्ल्या. एकीनं माल उचलला की उरलेल्या दोन रद्दी. आणि एल.सी.त स्पष्ट लिहिलं होतं, तिन्हीच्या तिन्ही दाखवल्या तरच बँक पैसे देणार. म्हणजे शेठ माल घेऊन जाणार, आणि एक कमी म्हणून बँक आपले कागद परत करणार. शेठ भला माणूसही असेल. पण मग आपल्या हातात त्याच्या भलेपणाशिवाय काहीच उरत नव्हतं.

फोन पलीकडं. बाबा माजलगावला. घड्याळात पावणेचार.

"रुद्रा," मी मोठ्यानं म्हणाले, "सांग आज्जाला, ते पाकीट बंद करू नका म्हणावं."

मग अर्जुनराव हसले. "अप्पा, नात धंद्याचं बोलाय लागली की!"

"सांग आईला," अप्पा म्हणाले, "कावून?"

"सांग, तिन्ही बिल्ट्या अस्सल हायेत. एक जरी…" तेवढ्यात तू तुझे दोन नवे दात माझ्यावर चालवलेस. "आई गं!"

"हे बी आज्जाला सांगायचं का?" अर्जुनराव.

"गप बसा वो." अप्पांचा आवाज चढला. "सांग तुझ्या आईला, चाळीस वर्सं बिल्ट्या फाडतोय मी."

तुला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, तुझी की माझी कोण जाणे.

"सांग आज्जाला, ट्रकच्या बिल्ट्यांवर पार्टीचं नाव असतंय. ह्याच्यावर हाय का, बघा म्हणावं."

कागद खुळखुळला.

"अर्जुनराव, नाव कुठंय वो?"

"नाव न्हाई. टू आर्डर लिव्हलंय."

"हा आर्डर कोण?"

"सांग आज्जाला," मी म्हणाले, "मागं तुमची सही झाली की कागद ज्याच्या हातात, माल त्याचा. रस्त्यात सापडला तर सापडणाऱ्याचा बी."

बाहेर कुरियरवाल्याची लुना थांबली.

"मग बँकेला तिन्ही?" अप्पांनी विचारलं. तुझं नाव घ्यायचं विसरले.

"तिन्ही."

"आन् जहाज आधी पोचलं तर?"

"बंदरात थांबंल. शेठला भाडं पडंल, तो चिडंल. पण माल आपला ऱ्हाईल."



"कुरियरवाल्याला उद्या ये म्हणा," अप्पा म्हणाले.

तिन्ही बिल्ट्या औरंगाबादच्या बँकेत गेल्या. शेठनं दोन रागाचे फ्याक्स पाठवले आणि मग मुकाट्यानं बँकेतून कागद सोडवले. पैसे आले.

त्या रात्री जेवताना बाबांनी ऑफिसचा विषय काढला. मी तव्यावरची भाकरी उलटायची थांबले.

"औरंगाबादला कशाला?" अप्पा म्हणाले. "कागद वाचणारी घरात हाय. एवढी हुशार सून बाहेर धाडायला मी काय येडा हाय का?"

ते मनापासून खूश होते. तेच अवघड होतं. शिवी असती तर तिच्यावर भांडता आलं असतं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं. आत आल्यावर म्हणाले, "अजून एक कंटेनर होऊ दे. मग बघू."

चार दिवसांत सुतार आला. मधल्या दाराला त्यानं पाटीएवढी खिडकी पाडली आणि अलीकडच्या बाजूला सागवानी टेबल ठेवलं. चांगलं टेबल होतं, कडा घासून गोल केलेल्या, तुला लागू नये म्हणून. तेही अप्पांनीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून अप्पांचा हात आत आला. नवी एल.सी., अकरा पानांची.

तू खाली बसून टेबलाचा पाय चावत होतीस. मी तुझी हनुवटी पुसली, कागद घेतला, आणि वाचायला लागले.