काकांची नाडी

वर्गातली मुलं तिला गोगलगाय म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी वॉर्डात पेशंट तपासायला सुरुवात झाली. बाकीच्यांचा तिसरा पेशंट उरकायचा, तरी हिची पहिल्याचीच विचारपूस चाललेली असायची. नाडी मोजायची तर इतर जण पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे आणि मोकळे व्हायचे. ही भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून सबंध मिनिट मोजायची. एकदा एका आजोबांनीच तिला विचारलं, "पोरी, आहे ना गं मी अजून?" अख्खा वॉर्ड हसला. तीही हसली, पण तिचे कान लाल झाले.

त्या दिवशी वॉर्डाच्या मॅडमनी तिला बाजूला घेतलं. त्या कडक होत्या, पण टाकून बोलणाऱ्या नव्हत्या.

"हे बघ, परीक्षेत एका पेशंटला अर्धा तास. विचारणं, तपासणं, लिहिणं, सगळं त्यातच. घरी सराव कर. माणसं आहेत ना घरात?"

माणसं होती, दोनच. कॉलेजसाठी ती काका-काकूंकडे राहायला आली होती. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खाली त्यांची रंगाची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. घरातल्या उशांनासुद्धा टर्पेंटाइनचा वास यायचा.

सराव करायचाय म्हटल्यावर काकूला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. ती पलंगावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "विचार बाई, काय विचारायचं ते. वीस वर्षांत मला कोणी एवढं प्रेमानं विचारलं नाही." मग गुडघे आले, पित्त आलं, डाव्या कानातली शिट्टी आली, आणि पहिल्या बाळंतपणात नणंदेनं काय काय ऐकवलं तेही आलं. काकूची हकिगत संपायला तीन संध्याकाळी लागल्या. तपासणीत मात्र काकू ठणठणीत निघाली. याचं काकूलाच थोडं वाईट वाटलं.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती काकांकडे वळली.

"मला काय धाड भरलीय?" काका म्हणाले. तरी त्यांनी बाही सारून हात पुढे केला.

तिने मनगटावर तीन बोटं ठेवली आणि मोजायला लागली. तिसाच्या पुढे तिचा हिशोब चुकला. आपलीच चूक, असं म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ती आकड्यांकडे न बघता नुसती बोटांखाली काय येतंय ते जाणवून घेत राहिली. दोन ठोके पाठोपाठ आले. मग मध्येच काही नाही. मग एक जोरात, एक इतका हलका की होता की नव्हता. त्यात ताल म्हणून नव्हताच. मिनिट भरलं तेव्हा अठ्ठ्याण्णव झाले होते. तिने स्टेथोस्कोप छातीवर लावून पुन्हा मिनिटभर मोजलं. एकशे अठरा. हृदय वीस वेळा जास्त धडकत होतं आणि ते ठोके मनगटापर्यंत पोचतच नव्हते.

हे साधं नव्हतं. पण घाईने निष्कर्षही काढायचा नव्हता. पुस्तकातला प्रत्येक रोग आपल्याला झालाय असं मेडिकलच्या पोरांना वाटतंच. मागच्याच महिन्यात तिने स्वतःला तीन आजार लावून घेतले होते. म्हणून ती शांतपणे पुढे तपासत गेली. काकांचा तळहात गरम आणि ओलसर होता. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं दिसत होती.

"काका, वजन उतरलंय?"

"उतरलंय थोडं. बरंच झालं की."

"थोडं कसलं!" काकू मध्येच म्हणाली. "दुप्पट जेवतात आणि निम्मे झालेत. आणि पंखा रात्रंदिवस पाचावर. मी आपली शालीत गुंडाळून."

"काका, दोन्ही हात समोर धरा. बोटं ताठ." तिने वहीचं एक पान फाडून त्यांच्या बोटांवर अलगद ठेवलं. पान थरथरायला लागलं. काका त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हात चटकन खाली घेतले.

"अगं, अजून एक कप चहा टाकतेस का?" ते काकूला म्हणाले. ती आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "सहा महिने झाले. सरळ रेघ कशीबशी जमते, पण गोलाईचं अक्षर आलं की ब्रश लटपटतो. त्या औषधवाल्याची पाटी मी तीनदा पुसली. आता हाताची कामं घेतच नाही. साचा लावून रंग मारतो. तुझ्या काकूला वाटतं, मी आळशी झालोय. वाटू दे. चौपन्नाव्या वर्षी पेंटरचा हात गेला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?"

हेच काका तिच्या लहानपणी एका दमात, पट्टी न लावता, शंभर पावलांवरून वाचता येईल असं अक्षर काढायचे.

"हात गेलाय असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "पण मला वाटून उपयोग नाही. उद्या माझ्याबरोबर चला. मॅडमना दाखवू."

"तू अजून अर्धी डॉक्टरसुद्धा नाहीस."

"म्हणून तर पूर्ण डॉक्टरकडे नेतेय."

काका हसले. कपाळाला आठ्या होत्याच, पण ते हसले.

सोमवारी मॅडमनी काकांना नीट तपासलं. गळ्याला हात लावून गिळायला सांगितलं, डोळे पाहिले, हृदयाचा आलेख काढायला पाठवलं, रक्त घ्यायला लावलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आले, तेव्हा काकूही बरोबर होती. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करत होती, आणि तिने हृदयाला, हातांना, सगळ्या शरीरालाच पळायला लावलं होतं. गोळ्यांनी हे आटोक्यात येतं, असं मॅडमनी काकांना समजावून सांगितलं. तसंच चालू राहिलं असतं तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका होता, हेही त्यांनी लपवलं नाही. शेवटी काकांनी एकच प्रश्न विचारला.

"सहा महिने ब्रश लटपटतोय. परत धरता येईल?"

"आधी हृदय," मॅडम म्हणाल्या. "पण हो, बहुतेक येईल."

काकूने तिथेच डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच ती काकांकडे वळली. "सहा महिने! आणि मला सांगायला काय झालं होतं? मी काय तुमची शेजारीण आहे?"

बाहेर आल्यावर मॅडम तिला म्हणाल्या, "नाडी घाईत बघितली असतीस तर कदाचित कळलंही नसतं. चांगलं काम केलंस. पण म्हणून परीक्षेत तासभर मिळणार नाही, बरं का."

मग ती कुठे थांबायचं आणि कुठे झपझप जायचं हे शिकायला लागली. काकू हातात घड्याळ धरून बसायची आणि "दहा मिनिटं संपली!" म्हणून ओरडायची, तेही नेमकी स्वतःचीच हकिगत रंगात आलेली असताना. परीक्षेत तिच्या वाट्याला दम्याची एक गप्पिष्ट बाई आली. दोन मिनिटं उरली असताना तिचं लिहून झालं. मार्क साधारणच पडले, पण ते काहीही न गाळता, वेळेत मिळवलेले होते.

चार महिने गेले. एका दुपारी कॉलेजमधून येताना तिला नाक्यावर शिडी दिसली. वर काका उभे होते आणि नव्या बेकरीची पाटी रंगवत होते. साचा कुठे नव्हता. ती खाली जाऊन उभी राहिली.

"कसं दिसतंय?" काकांनी मान न वळवता विचारलं.

"शेवटचं अक्षर जरा खाली गेलंय."

"खाली? आधी जाऊन स्वतःचे डोळे तपास!"

ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून तिने नीट पाहिलं. अक्षर ओळीत होतं, गोलाई भरदार होती.

"बरोबर आहे!" ती ओरडली.

"मला माहितीय!" काकाही ओरडले.

अजून कडेची पट्टी व्हायची होती. ती बेकरीच्या पायरीवर बसली, दप्तरातून वही काढली आणि वाचत बसली. काम झालं की दोघं मिळूनच घरी जाणार होती.