सातचा खिळा

दोन वर्षं, दिवसातून चोवीस वेळा, मी माझी चूक ऐकली. इतरांच्या चुका घरात राहतात, फार तर गल्लीत. माझी दोनशे फुटांवरून वाजायची आणि नदीपलीकडच्या गाईंनाही ऐकू जायची.

तासाचे टोल पडण्याआधी आमच्या मनोऱ्यातल्या घंटा पुलावरच्या विणकरणीचं गाणं वाजवतात. दुसऱ्या ओळीत पूल येतो, आणि बरोब्बर तिथेच एक घंटा उशिरा पडायची. जराशीच, पण वाटायचं की बाई पुलावर ठेचकाळली. डेंडरवालचे लोक असल्या गोष्टी सोडतात होय! महिनाभरात सगळं शहर त्या जागी थांबायला शिकलं. शाळेतली पोरं, गुत्त्यातले म्हातारे, चर्चमधून निघालेल्या बायका, सगळे गाताना तिथे श्वास धरायचे, एक पाय आपटायचे आणि मग पुढे जायचे. मनोऱ्यासमोरच्या झुल्मा बेकरीवालीने तर सगळ्या मनुका एका बाजूला सरकवलेला पाव काढला आणि त्याचं नाव ठेवलं लंगडी. मी दिसले की विचारायची, "लुटगार्ड, आज किती लंगड्या देऊ?" मी दातओठ खात एक घ्यायची. पाव चांगला होता, त्याला काय करणार.

मनोऱ्यातलं यंत्र माझ्याकडे आहे. वर माणसाहून उंच पितळी पिंप आडवं बसवलंय, त्याला हजारो भोकं. भोकात खिळे बसवायचे. पिंप फिरलं की खिळा तरफ उचलतो, तरफ तार ओढते आणि हातोडा घंटेवर पडतो. खिळा कुठल्या ओळीत आहे त्यावर घंटा ठरते, कितव्या भोकात आहे त्यावर वेळ. दर दोन वर्षांनी ईस्टरच्या आधी सगळे खिळे काढून गाणं नव्याने बसवायचं, ईस्टरला दुपारी बाराला ते पहिल्यांदा वाजवायचं, आणि लगेच पिंपाच्या दाराला लाखेचं सील लावायचं. पुढची दोन वर्षं कोणी हात लावायचा नाही. पूर्वी कुणा मनोरेवाल्याने गुपचूप खिळे हलवून नगरसभेची टिंगल करणारं गाणं वाजवलं होतं म्हणे, तेव्हापासूनची ही रीत. त्यामुळे आमच्याकडे चूक दुरुस्त करत नाहीत, भोगतात.

चूक कशी झाली ते फक्त मला ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. कागद घेऊन पिंपाच्या आत बसायची ती मी, आणि खिळे घेऊन बाहेर उभे ओडील मास्तर. त्यांनीच मला हे काम शिकवलं. मी आतून आकडा ओरडायची, ते बाहेरून त्या भोकात खिळा सारायचे, मी आतून नट आवळायची. आमच्या भाषेत सात म्हणजे झेवन आणि नऊ म्हणजे नेगन. तरुण कानांनाही हे दोन चकवतात, आणि मास्तर तेव्हा ऐंशीला टेकलेले. मी झेवन ओरडले, त्यांनी नेगन ऐकलं. आत आलेला खिळा कितव्या भोकातून आलाय हे मी बघायला हवं होतं. नाही बघितलं. कंटाळले होते, नट आवळून मोकळी झाले. त्या एका नऊने दोन वर्षं माझ्या नाकी नऊ आणले.

कोणाचं चुकलं असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, माझं. मास्तर आपल्याला ऐकू येत नाही हे स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते. मी कशाला चारचौघांत त्यांच्या कानांचा विषय काढू?

यंदा फेब्रुवारीत फिर्मेनने मला बोलावलं. शहरातली प्रेक्षणीय स्थळं सांभाळणारा नगरसभेतला माणूस, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझी वेणी ओढायचा. टेबलावर नवीन पत्रक होतं, पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं, आणि पहिलं नाव आमच्या मनोऱ्याचं. मला वाटलं कौतुकाला बोलावलंय. कसलं काय! तो म्हणाला, लोक लांबून येतात, मान वर करून ऐकतात आणि हसत हसत परत जातात. यंदा एक जरी घंटा चुकली तर तारा सोडून संगणक जोडायचा, असं ठरलंय. पिंप काचेमागे ठेवणार, शेजारी माहितीची पाटी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चालत्याबोलत्या यंत्रात पेंढा भरून ठेवायचा, आणि मी शेजारी उभं राहून ते पाहुण्यांना दाखवायचं!

"मान्य," मी म्हणाले. "पण गाणं तेच राहील. आणि बाहेर ओडील मास्तरच उभे राहतील."

"लुटगार्ड, त्यांचं वय काय! त्यांना ऐकू तरी येतं का?"

"तुला कोणी विचारलं? तू तुझं पत्रक छाप."

गाणं तेच का, हे त्याला कळलं नाही. ज्या पुलावर मी पडले होते, तोच पूल मला ओलांडायचा होता.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात घंटा रोमला जातात आणि ईस्टरला पोरांसाठी अंडी घेऊन परततात, असं आमच्याकडे मानतात. तोवर मनोऱ्यातून चकार शब्द नाही. तारा सोडलेल्या, म्हणजे वाजवून बघायचीही सोय नाही. काय ते एकदम ईस्टरला, सगळ्या शहरासमोर.

सोमवारी मी पिंपात शिरण्याआधी मास्तरांना सांगितलं, माझा घसा बसलाय. मला ओरडवत नाही. तुम्ही पितळेवर तळहात ठेवा, मी आतून पान्याने आकड्याइतके ठोके देईन. तुम्ही तितकेच ठोके परत द्या, आणि मग खिळा सारा.

मास्तर म्हणाले, "घसा बसलेली माणसं एवढं बोलतात होय?" पण हात पितळेवर ठेवला.

तीन दिवस आम्ही एकमेकांशी ठोक्यांनी बोललो. कॉफीला थांबायचो तेवढंच. माझे गुडघे धरले, त्यांचे हात भरून आले, पण एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. बुधवारी दुपारी पूल आला. मी सात ठोके दिले. बाहेरून सात परत आले. मग जरा थांबून पुन्हा सात, सावकाश, एकेक सुटा. मला वाटलं म्हातारा दमला. खिळा आत आला तेव्हा मी बोट ठेवून भोकं मोजली, एकदा नाही, चारदा. आणि असा नट आवळला की पान्याचा वळ हातावर उठला.

ईस्टरला खिळे बसवणाऱ्यांनी खाली चौकात, रिकाम्या हातांनी उभं राहायचं असतं. वर काही लबाडी नको म्हणून. चौक तुडुंब भरला होता. पोरांच्या हातात टोपल्या, झुल्माच्या दारात दोनशे लंगड्यांची परात, आणि व्यासपीठावर गळ्यात नगरसभेचा मानाचा पट्टा घातलेला फिर्मेन. मास्तरांनी आपला हात माझ्या हातात दिला. मोठ्या घंटा त्यांना छातीत जाणवतात, लहान नाही. म्हणून मी त्यांच्या तळहातावर बोटाने गाणं वाजवायला लागले.

बारा वाजायला आले आणि पिंप फिरलं. पहिली ओळ स्वच्छ निघाली. चौक गायला लागला. दुसरी ओळ सुरू झाली, विणकरीण पुलापाशी आली, आणि दोन वर्षांच्या सवयीने अख्ख्या शहराने श्वास धरला आणि पाय आपटला.

घंटा थांबली नाही. विणकरीण ताठ मानेने पूल ओलांडून गेली आणि सगळं डेंडरवाल अलीकडे एका पायावर उभं राहिलं. शाळेतली पोरं चुकली, म्हातारे चुकले, झुल्मा चुकली. व्यासपीठावर एक पाय जोरात आपटला, तो फिर्मेनचा.

चौकातलं गाणं बंद पडलं. वर घंटा एकट्याच वाजत होत्या, एकही न चुकता, शेवटपर्यंत. आणि टोल पडण्याआधीच्या शांततेत ओडील मास्तर ओरडले. बहिरी माणसं बोलतात तशा आवाजात, की चौकाच्या टोकापर्यंत ऐकू जावं.

"झेवन!"

सगळे वळून बघायला लागले. बाराचे टोल संपले, तसे मास्तर व्यासपीठापुढे जाऊन उभे राहिले. मी कोट धरून ओढलं त्यांना, पण ऐकतील तर शपथ.

"फिर्मेन, मागल्या खेपेलाही हिने झेवनच सांगितलं होतं. नेगन माझ्या कानांनी ऐकलं. दोन वर्षं मला ठाऊक आहे, आणि दोन वर्षं ही पोरगी माझ्यापायी टोमणे खातेय."

चौपन्न वर्षांची मी पोरगी. भर चौकात ढसाढसा रडले. आणि लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, स्वतःच्या पायांकडे बघून पुन्हा हसत होते. झुल्माने विचारलं, आता या दोनशे पावांचं काय करू? मी म्हणाले, वाट की फुकट, आज लंगडे तुम्ही सगळे आहात.

फिर्मेनला तीनशे बारा पायऱ्या चढून सील लावावं लागलं. धापा टाकत त्याने दारावर लाख ओतली, शिक्का दाबला, आणि संगणकाचं नावही काढलं नाही. खाली उतरल्यावर म्हणाला, "घंटा थांबणार नाही एवढं आधी कळलं असतं, तर मी तरी पाय आपटला नसता."

एक वाजायला आला तसा पुन्हा सगळा चौक सावरून उभा राहिला. यावेळी बरोबर गायचंच, अशा तयारीने. मी मास्तरांच्या शेजारी बाकावर बसले होते, लंगडीचा अर्धा तुकडा त्यांच्या हातात, अर्धा माझ्या. विणकरीण पुलापाशी आली, आणि धाडकन सगळ्यांचे पाय आपटले.

आता दोन वर्षं, दिवसातून चोवीस वेळा, हे शहर चुकणार. आणि मी खाली बसून ऐकणार.