पुन्ता फोस्काची तिसरी मोजणी

जहाजावर एकूण अठ्ठ्याहत्तर शास्त्रज्ञ बायका होत्या. पुढारीपणाच्या अभ्यासक्रमाचं वर्ष त्यांनी आपापल्या देशांत बसून पुरं केलं होतं आणि शेवटच्या तीन आठवड्यांसाठी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआइयाहून अंटार्क्टिकाला निघाल्या होत्या. प्रत्येकीने येताना काही ना काही काम मनात धरलं होतं. मिरेयाचं काम एका आकड्याचं होतं.

तो आकडा तिला तिच्या शिक्षिका नेलिदाबाईंसाठी न्यायचा होता. बाई आता पंच्याहत्तर वर्षांच्या, उशुआइयाच्या दवाखान्यात, नाकाला नळी लावून. सव्विसाव्या वर्षी त्यांना एकच उन्हाळा इथे येऊ दिलं होतं. पुन्ता फोस्का नावाच्या टोकाच्या उतारावर त्यांनी पेंग्विनची घरटी मोजली, ती भरली तीन हजार तीनशे चाळीस. संशोधन तळावरचा प्रमुख हसून म्हणाला होता, "पोरीनं एकेक घरटं दोनदा मोजलेलं दिसतंय." अहवालात आकडा निम्मा करून छापला गेला. बायकांची सोय नाही, असं सांगून पुढे बाईंना कधी बोलावलंच नाही.

"कोणीतरी पुन्हा मोजायला हवं ग," बाई वर्गात म्हणायच्या. "एका ठिपक्यावरून रेघ कशी ओढणार?" एकोणपन्नास वर्षांत त्या उतारावर मोजायला कोणी उतरलं नव्हतं. निघताना बाईंनी मिरेयाचा हात धरला होता. "छापलेलं सोड. तू मोज आणि मला सांग. मी चुकले होते का, तेवढं कळू दे."

पुन्ता फोस्काच्या किनाऱ्यावर दोन तास मिळाले. मिरेयाबरोबर तिची खोलीसोबतीण ओरिएता होती, चिलीची, समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करणारी. वारा इतका होता की वहीची पानं बोटांनी दाबून धरावी लागत होती.

घरटी मोजायची एक रीत आहे. हातातल्या यंत्राचं बटण प्रत्येक घरट्याला एकदा दाबायचं. सगळं मोजून झालं की आकडा लिहायचा, यंत्र शून्यावर आणायचं आणि पहिल्यापासून पुन्हा. असं तीनदा. तिन्ही आकड्यांत शंभरामागे पाचाहून जास्त फरक पडला, तर चौथ्यांदा. पक्षी हलतात, डोळा चुकतो, म्हणून ही रीत.

मिरेयाचे आकडे आले पाचशे अठ्ठ्याऐंशी, सहाशे अकरा, पाचशे सत्त्याण्णव. रीतीप्रमाणे काम पुरं झालं होतं. तरी ती चौथ्यांदा मोजायला वळली.

"बये, चौथ्यांदा मोजून ते वाढणार आहेत का?" ओरिएता म्हणाली. "होडी थांबलीय."

जहाजावर परतल्यावर सगळ्याजणी सूप प्यायला गेल्या. मिरेया फोनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. संध्याकाळ होती, तरी तिथल्या उन्हाळ्यामुळे बाहेर लख्ख उजेड होता. ओरिएता दोन वाट्या घेऊन आली.

"खाऊन घे आधी."

"सहाशे सांगितले तर त्या म्हणतील, तो प्रमुख खरा होता. हेच डोक्यात घेऊन जातील त्या."

"मग काय सांगणार?"

"तीन हजार."

ओरिएताने चमचा खाली ठेवला. "वर्षभर पुढारीपण शिकलीस, आणि म्हातारीला थापा मारणार?"

"तुझी बाई असती तर तू काय केलं असतंस?"

"माहीत नाही," ओरिएता म्हणाली. "सूप गार होतंय."

फोन लागला. नर्सने तो बाईंच्या कानाशी धरला असावा, कारण आधी श्वासच ऐकू आला.

"मोजलंस का पोरी?"

"मोजलं, बाई. तीन हजार शंभर."

मग बाईंनी विचारलं, "तिन्ही आकडे सांग."

याची तयारी मिरेयाने केली नव्हती. "तीन हजार शंभर... तीन हजार एकशेदोन... तीन हजार अठ्ठ्याण्णव."

"वारा होता?"

"खूप होता."

"खूप वारा, तीन हजार घरटी, आणि तीन मोजण्यांत फक्त चारांचा फरक." बाई दम घेत घेत बोलत होत्या, पण आवाज वर्गातलाच होता. "मला जन्मात कधी असे आकडे आले नाहीत. तुला कुठून आले?"

मिरेयाने फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"वही आहे ना जवळ? त्यात आहे ते वाच."

मिरेयाने वाचलं. पाचशे अठ्ठ्याऐंशी. सहाशे अकरा. पाचशे सत्त्याण्णव.

मिरेयाच्या गालावरून पाणी वहीवर पडलं, तिने ते बाहीने टिपलं.

"बाई, चुकले मी. मला वाटलं..."

"राहू दे. नीट ऐक. दगड आहेत का?"

हे पेंग्विन खडे गोळा करून घरटं रचतात. पक्षी गेले तरी खडे जागेवर राहतात. मिरेयाने ते पाहिले होते. जिवंत घरटी खाली पाण्याजवळ होती, आणि त्यांच्या वर उतारभर खड्यांची रिकामी वर्तुळं पसरली होती, एकाला लागून एक, शेवाळ चढलेली. भरलेली घरटी मोजायची म्हणून ती त्यांच्यावरून नजर काढून घेत राहिली होती.

"आहेत, बाई."

"कुठपर्यंत?"

"पार वरच्या काळ्या कड्यापर्यंत."

"कड्यापर्यंत," बाई म्हणाल्या. "हो. तिथपर्यंतच होते. कड्याखालच्या शेवटच्या रांगेला मी पाय पोटाशी घेऊन बसले होते, कुणावर पाय पडू नये म्हणून." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मिरेया थांबली. "म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

"बरोबर मोजलं होतं तुम्ही."

"मी चुकले असते तर बरं झालं असतं ग, इतके पक्षी गेले तरी नसते," बाई म्हणाल्या, आणि फोन नर्सने घेतला.

मिरेया बाहेर आली. ओरिएता अजून बाकावरच होती.

"काय म्हणाल्या?"

"त्यांची मोजणी बरोबर होती."

"मग चांगलंच झालं की," ओरिएता म्हणाली, आणि मिरेयाच्या तोंडाकडे पाहून सरकून तिला जागा करून दिली.