तिसरं कलम

अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आल-हुमैश टोळीत त्या काळी वाचता येणारा एकच माणूस होता, आणि तो मी. म्हणजे लोक तसं म्हणत. मदरशांचं मोठं गाव तरीम, तिथं शिकायला म्हणून गेलो होतो, तिथं दीड वर्ष काढलं, त्यातलं निम्मं तापात गेलं. परत आलो तर वडील वारलेले, आणि काका, शेख मुसाइद, सगळ्यांना सांगत होते, "आमचा सालमीन शिकून आला. आता बाहेरचा कुणी आम्हाला फसवायचा नाही." मी ते खोडून काढलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

इंग्रजांची आगबोट आली त्या दिवशी सगळा किनारा माणसांनी भरला होता. साहेब खुर्चीवर बसला, काका गालिच्यावर. साहेबाबरोबर हिंदुस्थानी मुन्शी होता. त्यानं कराराचा कागद काढला आणि म्हणाला, "आम्ही वाचू, की तुमच्यातला कुणी वाचेल?"

काका म्हणाले, "आमचाच वाचेल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी कागद हातात घेतला. भाषा अरबीच होती, पण अक्षर त्या मुन्शीचं होतं. तिरकं, लोंबतं, एका शब्दाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर. पहिलं कलम कसंबसं वाचलं. दुसरं, परक्या राजाला जमीन द्यायची नाही हे, अडखळत वाचलं. माझा चुलतभाऊ रुवैस पुढंच उभा होता. लहानपणापासून माझं त्याचं कधी पटलं नाही. तो शेजाऱ्याला म्हणाला, "उंट चढावर थांबला बघा." पाचसहा जण हसले.

तिसऱ्या कलमाला मी खरंच थांबलो. तीन ओळी होत्या. त्यातलं 'सरकार' आणि 'शेख' एवढंच लागलं. मुन्शीला विचारता आलं असतं. तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता, चेहऱ्यानं सज्जन होता. पण सगळे बघत होते, काका बघत होते. मी कागदावरून बोट फिरवत मोठ्यानं म्हटलं, "आणि ही दोस्ती मुलाबाळांपर्यंत, नातवंडांपर्यंत टिकेल."

लोकांनी माना डोलावल्या. मुन्शीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून दौत पुढं केली. काकांनी अंगठा उठवला. त्यानंतर बोकड कापले, भात झाला, आगबोटीवरून तोफा उडाल्या. जेवताना काका चारचौघांत म्हणाले, "कसं खणखणीत वाचलं पोरानं."

दोन वर्षं काही झालं नाही. मग शेजारच्या दुगार टोळीचा बखीत आमच्याकडं आला. साहेबाची माणसं दुगारांच्या विहिरीजवळ मोजणीचे दगड रोवत होती. त्यानं बंदूक चालवली, एका शिपायाच्या मांडीत गोळी गेली. तो धावत आला तो थेट काकांच्या दारात, आणि त्यांच्या तंबूचा दोर धरून बसला.

काकांनी काही विचारलं नाही. त्याला हाताला धरून उठवलं आणि म्हणाले, "माझ्या चेहऱ्याखाली आहेस तू. आता आधी जेव." आमच्याकडं हे म्हटलं की संपलं. त्या माणसाला धक्का लागला तर चेहरा देणाऱ्याचं तोंड काळं.

आठव्या दिवशी आगबोट उभी राहिली. तोच मुन्शी होडीतून उतरला आणि काकांसमोर बसून म्हणाला, "शेख, बखीतला न्यायला आलोय."

"तो माझा पाहुणा आहे."

"असेल. पण तिसरं कलम आहे. सरकारनं मागितलेला माणूस शेखानं आसऱ्याला ठेवायचा नाही, मागितल्या दिवशी स्वाधीन करायचा."

काका हसले. "असं काही नव्हतं. आमच्यापाशी पण एक प्रत आहे. सालमीन, आण ती."

मी आणली. कातड्याच्या नळीतून काढली. मुन्शीनं नुकतंच तोंडानं सांगितलं होतं, त्यामुळं आता ती तिरकी अक्षरं आपोआप उलगडत गेली. सगळं होतं. शब्दन् शब्द.

"काय रे," काका म्हणाले, "आहे का त्यात?"

"आहे."

"तेव्हा पण होतं?"

"होतं, काका."

एवढंच म्हणालो. खोटं एक अक्षर बोललो नाही, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नाही.

रुवैस पुढं आला. "मी समोर उभा होतो. आसऱ्याचं काही ऐकलं नाही मी. नातवंडांचं ऐकलं."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग रुवैसला म्हणाले, "गोंगाट होता त्या दिवशी. बोकड ओरडत होते. सालमीननं वाचलं असेल, माझंच लक्ष नव्हतं. अंगठा माझा आहे." आणि मुन्शीकडं वळले, "नाही दिला तर?"

मुन्शी खाली बघून म्हणाला, "तुमच्या अठरा होड्या किनाऱ्याला आहेत, शेख. आगबोटीला तोफा आहेत. मला हे बोलायला आवडत नाही."

काका स्वतः बखीतकडं गेले. तो बाजरीची भाकरी आणि सुकी मासळी खात होता. काकांनी उभ्यानंच सांगितलं. बखीतनं हातातला घास खाली ठेवला.

"आणि तुमचा चेहरा?"

"तो गेला," काका म्हणाले.

बखीतला होडीपर्यंत सोडायला काकांनी मला पाठवलं. वाळूतून चालताना तो मला म्हणाला, "तूच ना तो वाचणारा? काय लिहिलंय नेमकं?"

मी म्हणून दाखवलं. आता मला ते पाठ होतं.

"आणि तेव्हा हे ऐकून म्हातारा काही बोलला नाही? मिठाच्या मापावरून अख्खी दुपार भांडणारा माणूस?"

मी पुढं होऊन होडी धरली. तो म्हणाला, "नवल आहे." होडीत चढताना त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. साहेबानं आगबोटीवरून मला हात केला, चांगलं काम झाल्यासारखा. बखीत दुसऱ्या वर्षी कैदेतच तापानं गेला.

दुगारांनी चार वाटांच्या विहिरीपाशी बाभळीवर काळं फडकं बांधलं, काकांच्या नावानं. येणारा जाणारा विचारायचा आणि त्याला सांगितलं जायचं. टोळ्यांच्या बैठकीत काकांना कॉफी सगळ्यांत शेवटी मिळू लागली, तीही डाव्या हातानं. काका ती पीत. घरी येऊन कुणाशी बोलत नसत. पत्रं मात्र माझ्याकडूनच वाचून घेत, आणि दर वेळी शांतपणे विचारत, "सगळं वाचलंस ना?"

"सगळं, काका."

नऊ वर्षं विचारलं. मला वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, त्यांना माहीत आहे, तर सांगून काय. आणि माहीत नसेल तर? असं करत करत ते गेले.

चाळीस दिवस झाल्यावर मी दुगारांकडं गेलो. बखीतचा भाऊ फरज होता, त्यांची म्हातारी आई होती, आणि बरेच लोक जमले. मी उभा राहून सांगितलं. अक्षर लागलं नाही, लाज वाटली, मनचं बोललो. काकांना कलम माहीतच नव्हतं. काळं फडकं माझ्या नावाचं आहे.

मग म्हातारीनं मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाळा, असा पुतण्या मिळायला नशीब लागतं. मेलेल्या काकाचं तोंड झाकायला आपलं उघडं करतोस."

"आजी, हे खरं आहे. कुराणावर हात ठेवतो."

फरजनं माझं मनगट धरलं. "नको. काकासाठी झालं तरी खोटी शपथ घेऊ नये. तू तरीमला शिकलेला माणूस. तुला तीन ओळी वाचता आल्या नाहीत, हे कोण मानेल?"

त्यांनी मला जेवायला घातलं. कॉफी सगळ्यांत आधी मला दिली, उजव्या हातानं. मी ती प्यालो. नाही म्हणायला हवं होतं.

ती गोष्ट आता किनाऱ्यावर सगळीकडं सांगतात, माझं कौतुक म्हणून. दुसऱ्या टोळ्यांची माणसं पत्रं वाचून घ्यायला लांबून येतात. शेवटी मी रुवैसलाच सांगितलं. तो जाळं विणत बसला होता. त्यानं हात थांबवला नाही.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तुझं बोट कागदावर होतं आणि डोळे काकांवर."

"मग ठासून का नाही बोललास?"

"आणि काय म्हणणार होतो? मला कुठं वाचता येतं?" त्यानं एक गाठ मारली. "काकांनापण कळलं होतं, सालमीन. म्हणून तर बोकड ओरडत होते म्हणाले. त्या दिवशी एकही बोकड जिवंत नव्हता. वाचन सुरू व्हायच्या आधीच कापून झाले होते सगळे."

मी आठवून पाहिलं. मला आठवत होतं ते असं की बोकड नंतर कापले. पण रुवैस तिथं उभा होता आणि माझं लक्ष कागदाकडं होतं, त्यामुळं त्याचंच खरं असणार. मी त्याच्याजवळ खाली बसलो. त्यानं जाळ्याचं दुसरं टोक माझ्याकडं दिलं, ते ताणून धरायला.