ज्या दुपारी माझे दांडके झाले

मित्रांनो, रुग्णाच्या उशाशी उभा असलेला, डोक्यावर दोन आकडे आणि पायाला चाके असलेला लोखंडी दांडा तुम्ही पाहिला असेल. मी तोच, सलाईनचा स्टँड. आता जुना झालो आहे आणि कमरेत थोडा वाकलोही आहे. पण हा बाक वयाचा नव्हे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. कोणी नळी कापली, कोणी आकडे जोडले, वर पांढरा रंग बसला आणि मी पुरुषांच्या वॉर्डात दाखल झालो.

तिथे मला सिस्टर भेटल्या. कोणत्याही खाटेवरून हाक आली की त्या दुसऱ्या टोकावरून "आलेच!" म्हणत. रुग्णांनी त्यांचे नावच 'आलेच सिस्टर' पाडले होते. शीर शोधताना त्या डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहत. शिकाऊ मुलींना माझ्याजवळ उभे करून त्या सांगत, "आधी नाडी, श्वास, ताप, रक्तदाब बघायचा. मग नळीतली हवा काढायची. बाटली लावली म्हणजे काम संपलं, असं नाही. हात सुजला तर समजा, सलाईन शिरेबाहेर जातंय. रुग्ण कुडकुडायला लागला तर आधी सलाईन बंद, मग डॉक्टरांना हाक." ऐकून ऐकून मीही अर्धा सिस्टर झालो होतो.

एकदा हृदयविकाराचे एक आजोबा आले. पाय सुजलेले, बोलताना धाप लागलेली. औषधापुरते सलाईन अगदी सावकाश सोडायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. आजोबांचा मुलगा उशाशी बसून त्या थेंबांकडे टक लावून पाहत राही.

"अहो सिस्टर, जरा जोरात सोडा की! अंगात त्राण उरलं नाही त्यांच्या."

"दादा, त्यांचं हृदय दमलंय. जास्त पाणी गेलं तर फुप्फुसात साचेल, मग श्वासच घेता येणार नाही."

त्याने मान हलवली, पण त्याला पटले नव्हते. थोड्या वेळाने थेंब वाढवायला नळीवरच्या चकतीला त्याने हात घातला, तेव्हा सिस्टरांनी तो हळूच बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळी आजोबांचा श्वास थांबला. सिस्टर धावल्या आणि दोन्ही हातांनी छाती दाबू लागल्या. डॉक्टर आले, इंजेक्शने झाली. सिस्टरांचा गणवेश घामाने पाठीला चिकटला, पण आजोबा परत आले नाहीत. सिस्टरांनी त्यांचे डोळे मिटले, चादर नीट केली आणि त्या मुलाकडे वळल्या.

"दादा, आम्ही खूप प्रयत्न..."

"प्रयत्न? थेंब थेंब सोडत बसलीस! तूच मारलंस माझ्या बाबांना!"

त्याने मला दोन्ही हातांनी उचलले. बाटली सुटून फरशीवर आपटली. मी हवेत वर गेलो आणि सिस्टरांनी तोंडासमोर धरलेल्या उजव्या हातावर कोसळलो. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. वॉर्डमामांनी मुलाला धरले, तसा तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. मला त्याचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती.

मामांनी मला ठोकून सरळ केले. बाक थोडा राहिलाच. प्लास्टर निघाल्यावर सिस्टरही परत आल्या. पहिल्याच रुग्णाला त्यांची सुई दोनदा चुकली. "दुसऱ्या सिस्टरना बोलावते हं, काका," असे म्हणून त्या कपाटाआड गेल्या. वॉर्डातल्या मावशी मागोमाग गेल्या.

"मावशी, शीर सापडते, पण हात ऐकत नाही."

"ऐकेल. वेळ लागेल."

"आणि नाहीच ऐकला तर? मुलगी म्हणते, आई, सोड ती नोकरी. पण मला दुसरं येतंय काय?"

मावशींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

हळूहळू बोटे बरीचशी वळू लागली. सुया पुन्हा शिरेत बसू लागल्या. मला वाटले, संपले सारे. मग एका सकाळी खाट सरकवताना मी वाटेत आलो, आणि एका रुग्णाच्या भावाने मदत म्हणून मला पटकन उचलले. सिस्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि त्या मागे सरत भिंतीला टेकल्या.

तो बिचारा ओशाळला. "ताई, मी नुसता बाजूला ठेवत होतो."

"माहीत आहे. तुमचं काही चुकलं नाही. फक्त उचलायच्या आधी सांगत जा मला."

त्याने मला अलगद खाली टेकवले. सिस्टर रुग्णाची नाडी पाहायला पुढे झाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरचे कोणी कधी आजारी पडेल. भीती वाटेल, संतापही येईल. तेव्हा विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, रडा, हवे तर तक्रार करा. पण हात उगारू नका. मला ठोकून बरेचसे सरळ करता आले. सिस्टर मात्र अजूनही माझ्याकडे पाठ करून उभ्या राहत नाहीत.