एका बारीक रिळासाठी

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि माझी भूक मोठी विचित्र. मला सहाशे वीस नंबरचाच रोल लागतो. बाजारात मिळतो तो एकशे वीसचा. फिल्म दोन्हींची सारखीच रुंद, पण माझं लोखंडी रीळ बारीक आणि त्याचं जाड. ते माझ्या पोटात बसतच नाही. माझा रोल बनवणं कधीच बंद झालं, तेव्हापासून मला कडकडीत उपास घडतोय.

अलेक्झांड्रियात हरांत आजोबांच्या स्टुडिओत मी पस्तीस वर्षं राबलो. गावातली अर्धी आर्मेनियन घरं माझ्यासमोर मान ताठ करून बसली आहेत. "याच्यापुढे खोटं हसू टिकत नाही," असं आजोबा म्हणायचे, तेव्हा मी फुलून जायचो. पुढे स्टुडिओ विकला. कपाटं खणांसकट भंगारात गेली. मला मात्र आजोबांनी कोटाखाली धरून घरी आणलं.

घरच्या भिंतीवर सगळं कुटुंब टांगलेलं आहे आणि ते सगळं माझंच काम. फक्त आजोबा नाहीत. ते कायम माझ्या मागे उभे! आता त्यांचं वय ब्याण्णव. त्यांची नात अराक्सी हट्टालाच पेटली, की आजोबांचा फोटो काढायचा तो याच कॅमेऱ्याने, आणि लवकर.

आजोबांनी युक्ती सांगितली. अंधारात नव्या रोलची फिल्म माझ्या बारीक रिळावर गुंडाळायची. पण त्याला दोन रिळं लागतात, एक भरलेलं आणि एक फिल्म ओढून घेणारं. माझ्या पोटात एकच होतं. अराक्सीने अत्तारीनच्या जुन्या बाजारात महिनाभर खेटे घातले आणि रोज हात हलवत परत आली. शेवटी हुसाम नावाच्या दुकानदाराने डब्याच्या तळातून एक वापरलेला रोल काढला.

"घे ताई. कुणीतरी फोटो काढून तसाच टाकलाय. आत काही उरलं नसणार, पण रीळ बघ कसं खणखणीत आहे!"

"माझ्या आजोबांपेक्षा म्हातारं नाही ना?"

"असलं तरी आजोबांसारखं बडबडणार नाही. ने!"

घरी येऊन ती खिडकीपाशी बसली. रोलवरच्या चिकटपट्टीवर निळ्या शाईने काही लिहिलं होतं. अराक्सी आर्मेनियन फडाफडा बोलते, पण शिकली अरबी शाळेत. ती लिपी तिला वाचता येत नाही. तिने पट्टी फाडली आणि भर उन्हात फिल्म ओढायला लागली. मी टेबलावरून ते निळं अक्षर ओळखलं आणि हादरलो. तो रोल माझ्याच पोटातून निघाला होता! ओरडावंसं वाटलं, पण मला एकच आवाज येतो, खट्, आणि तोही कुणी कळ दाबली तर.

"पट्टीवर काय लिहिलंय गं?" आजोबांनी खुर्चीतून विचारलं.

"काहीतरी गिरगटलंय. हे घ्या."

आजोबांनी पट्टी चष्म्याजवळ नेली. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हात थांबव! गुंडाळ ते, आधी गुंडाळ! अगं, तुझी आजी आहे त्यात!"

पट्टीवर त्यांचंच अक्षर होतं: 'वार्तुही, समुद्रावर.' एका रविवारी समुद्रावर काढलेले ते फोटो, आणि त्यानंतर आठ दिवसांत ती वारली. तो रोल धुण्याचं धैर्य आजोबांना झालंच नाही. तो खणात राहिला आणि खणाबरोबर गेला.

मित्रांनो, फिल्म उजेडात जळते तेव्हा धूर निघत नाही, वास येत नाही. ती नुसती अराक्सीच्या मांडीवर पडली होती आणि बारापैकी अकरा फोटो संपले होते. पोरगी थिजून गेली. आजोबांनी तिच्या मांडीवरून रीळ उचललं आणि फिल्म पुन्हा त्यावर घट्ट गुंडाळली.

रिळाला घट्ट चिकटलेला सगळ्यात आतला वेढा, म्हणजे सगळ्यात आधी काढलेला फोटो, तेवढा वाचला होता. न्हाणीघराचं दार लावून, अंधारात चाचपडत आजोबांनी तो धुतला. बाहेर येऊन त्यांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"ती नाही यात," ते म्हणाले. "मी आहे."

मला ते ठाऊक होतं. त्या सकाळी वार्तुहीने आधी मला त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं होतं. पहिला फोटो तिने काढलेला. काळ्या केसांचा हरांत, हात पुढे करून, "दे इकडे!" म्हणत हसणारा.

तो पुसट फोटो आता भिंतीवर आहे. बारीक रीळ मोकळं झालं, माझ्या पोटात नवी फिल्मही आली, पण आजोबा माझ्यापुढे बसायला तयार नाहीत. "माझा फोटो झाला," म्हणतात.

मित्रांनो, आमच्यासारखं जुनं काही हाती लागलं, तर उघडण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. अराक्सीला तर नुसती मान वळवायची होती.