काटक्यांचं रिंगण

मी दाताळं बोलतोय. दात दिसले म्हणून बिचकू नका. पालापाचोळा ओढण्यापलीकडे मी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

लोहाराने माझे दात ठोकले, सुताराने दांडा बसवला आणि मावशींच्या यजमानांनी मला बागेसाठी विकत आणलं. ते गेले, बाग वाळली, आणि मी जिन्याखाली कोळ्यांच्या जाळ्यांना आधार देत उभा राहिलो. मावशी मात्र घर पुसून पुसून थकेनात. त्यांच्या घरात धूळसुद्धा विचारून बसायची! शेवटी भाची वैतागली. ती कासवं राखणाऱ्या स्वयंसेवकांत होती. म्हणाली, "मावशी, एवढी हौस आहे ना, मग समुद्रावर चल. तिथला पसारा तुझ्याशिवाय कुणाला आवरायचा नाही."

झालं! दर रविवारी आमची स्वारी किनाऱ्यावर. बाटल्या, फाटकी जाळी, एका पायाची चप्पल. समुद्र बिचारा सगळं परत आणून देतो, तरी माणसांना लाज वाटत नाही. मी मात्र खूश होतो. पुन्हा कामाला लागलो होतो ना!

एका रविवारी मावशी सगळ्यांच्या आधी पोचल्या. ओल्या वाळूजवळ कुणीतरी काटक्यांचं रिंगण रोवलं होतं, शेजारी रुंद ओरखडे होते. "काय हा अवतार!" म्हणत त्यांनी काटक्या उपटून पोत्यात कोंबल्या आणि माझ्याकडून सगळी वाळू एकसारखी करून घेतली. एका जागी मात्र वाळू भुसभुशीत होती. तिथे माझे दात एकदम आत गेले.

थोड्या वेळाने भाची टोपली घेऊन धावत आली आणि थिजलीच.

"मावशी, इथल्या काटक्या?"

"पोत्यात. कोण मेलं टाकून गेलं होतं कोण जाणे."

"मीच रोवल्या होत्या! अगं, खाली कासवाची अंडी आहेत. भरती आली की बुडतील. वर हलवायची म्हणून टोपली आणायला गेले होते मी!"

मावशी मटकन खाली बसल्या. समोर सगळी वाळू सारखी, आणि पाणी वर सरकत होतं. जमलेले स्वयंसेवक हातांनी उकरू लागले, तेही नको तिथेच. मला जागा ठाऊक होती हो! पण लोहाराने दात दिले, जीभ दिली नाही. माझा जीव नुसता तळमळत होता.

मग मावशी उठल्या. त्यांनी मला हातात घेतलं. "थांबा जरा. मी केर नेहमी डावीकडून काढते." मला वाळूला न टेकवता त्या मघासारखाच एकेक पट्टा ओढल्यासारखं करत निघाल्या. चालता चालता थांबल्या. "इथे. इथे मला हिसका बसला होता. खांदा अजून ठणकतोय."

भाचीने हलक्या हाताने उकरलं. कोपरापर्यंत हात आत गेला, आणि पांढरं अंडं दिसलं. मावशी रडायलाच लागल्या. "सांभाळून गं, सांभाळून," असं प्रत्येक अंड्याला म्हणत होत्या. टोपली भरली तेव्हा भाचीचे गुडघे पाण्यात होते.

आता खाऱ्या हवेने माझे निम्मे दात झडलेत. ओढायच्या कामाचा राहिलो नाही, म्हणून यंदा भाचीने मला वरच्या वाळूत, नव्या घरट्याशेजारी उभं रोवलंय. मावशी रोज येऊन बसतात.

तुम्ही किनारा साफ करायला आलात, फार बरं केलंत. बाटल्या उचला, जाळी उचला. मोडकं दाताळं दिसलं म्हणून मला मात्र उपटू नका. जरा थांबा, पाय जपून ठेवा. माझ्या पायाशी वाळू हलतेय.